निरोप आला, पण कुणाचा?

परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी घरच्या माणसाचा अंत्यविधी मोबाइलच्या स्क्रीनवर पाहिला आहे. मी वडिलांचा २०२१ मध्ये तसाच पाहिला. त्यामुळे इथे इंग्लंडमध्ये ऑफिसातल्या सहकाऱ्याने ‘आमच्या स्पिरिच्युअलिस्ट चर्चला येतोस का?’ असं विचारलं, तेव्हा मी निव्वळ कुतूहलापोटी गेलो असं म्हणता येणार नाही.

गेलेल्या माणसांशी बोलता येतं, ही या पंथाची मूळ श्रद्धा. सुरुवात अमेरिकेतली. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिलमध्ये फॉक्स बहिणींच्या घरात गूढ टकटक ऐकू येऊ लागली. चाळीस वर्षांनी त्यांच्यातल्या मार्गारेटने, तो आवाज आपण पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढत होतो, अशी जाहीर कबुली दिली (पुढे ती मागेही घेतली!). तोवर पंथ इंग्लंडात रुजला होता. पहिल्या महायुद्धात घरोघरचे मुलगे गेले आणि त्याला आणखी बळ मिळालं. शेरलॉक होम्स लिहिणारे कॉनन डॉयल त्याचे मोठे प्रचारक होते.

अंधार-मेणबत्त्या काही नव्हत्या. ट्यूबलाइट, प्लास्टिकच्या खुर्च्या, वीस-पंचवीस माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. प्रार्थनागीतं, छोटं प्रवचन, आणि मग मीडियम बाई उभ्या राहिल्या. एका आजोबांना म्हणाल्या, ‘तुमच्या मिसेस सांगताहेत, शेडमधला पसारा आवरा.’ सगळे हसले. आजोबा रडले.

मग माझ्याकडे वळल्या. ‘तुमच्यामागे कुणी वडीलधारं आहे. मसाल्यांचा वास येतोय.’ हॉलमध्ये भारतीय चेहरा एकच. दुसरा कसला वास येणार? ‘छातीचा काही त्रास होता का?’ वडिलांना कोविड झाला होता, म्हणजे उत्तर ‘हो’. पण म्हातारपणी छातीचा त्रास कुणाला नसतो? कुणालाही विचारलं तरी ‘हो’च येणार असेल, तर आमच्या धंद्यात त्याला टेस्ट म्हणत नाहीत. तरीही ‘हो’ म्हणताना माझा आवाज कापला.

धोका नेमका इथे आहे. त्या बाई लबाड वाटल्या नाहीत. त्यांचा स्वतःचा विश्वास असावा. चर्चमध्ये ऐच्छिक वर्गणीपलीकडे कुणी काही मागितलं नाही. पण बाहेर पैसे घेऊन खासगी ‘रीडिंग’ देणारेही आहेत. ब्रिटनमध्ये फसव्या मीडियमांविरुद्धचा १९५१ चा कायदा २००८ मध्ये रद्द झाला. आता अशांना ग्राहक संरक्षणाचे नियम लागतात. म्हणजे तक्रार करायची ती गिऱ्हाईक म्हणून. गावाकडचा बुवा आपण लांबूनच ओळखतो. इथे तेच सभ्य इंग्रजीत समोर येतं, आणि शेवटचं दर्शन हुकलेला माणूस पुरावा मागायचं विसरतो. अशा माणसाने रीडिंगला पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

निरोपांपेक्षा मला नंतरचा चहा पटला. बिस्किटं खात लोक आपापल्या गेलेल्या माणसांबद्दल नाव घेऊन बोलत होते आणि कुणी विषय बदलत नव्हतं. मीही बाबांबद्दल दहा मिनिटं बोललो, तेही परक्या भाषेत. आमच्या मराठी मंडळात गणपती, दिवाळी, संक्रांत सगळं होतं, पण ‘वडील गेले’ म्हटलं की दोन मिनिटांत गाडी व्हिसा आणि शाळांवर येते. सर्वपित्री अमावस्येच्या जवळच्या रविवारी फक्त यासाठी हॉल मिळेल का, असं मी कमिटीला विचारलंय. मीडियम नको, चहा पुरे.