औषधविक्रेत्याची परीक्षा कोणी घ्यावयाची?

माणसाच्या ठायी नीतीची जाणीव कशी निर्माण होते, या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मक्ता धर्मपीठांकडून मानसशास्त्राकडे गेला, याचे पुरोगाम्यांनी स्वागत केले आणि ते योग्यच होते. परंतु शास्त्राचीही काही गृहीतके असतात. पोथीतील गृहीतकांना निदान कोणी हटकतो तरी. शास्त्राची मात्र निमूटपणे स्वीकारली जातात.

लॉरेन्स कोलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५८ साली शिकागो विद्यापीठात सादर केलेला प्रबंध ७२ मुलग्यांच्या मुलाखतींवर आधारलेला होता. त्यांना घातलेले कोडे पुढे जगभर गाजले. हाइन्झची पत्नी कर्करोगाने मरणपंथाला लागली आहे. तिला वाचवू शकेल असे औषध गावातल्या औषधविक्रेत्याने शोधले आहे. त्याला त्याचा खर्च २०० डॉलर येतो, किंमत मात्र तो २,००० मागतो. हाइन्झजवळ उसनवारी करून जेमतेम १,००० जमले आहेत. विक्रेता सवलतही देत नाही, उधारीही नाही. तेव्हा हाइन्झने चोरी करावी काय? उत्तर हो की नाही याला महत्त्व नाही; कारणे कोणती दिली त्यावरून उत्तर देणाऱ्याची पायरी ठरते. शिक्षेचे भय ही पहिली, सार्वत्रिक तत्त्वांची निष्ठा ही सहावी.

या परीक्षेला बसवला कोण, हे पाहण्यासारखे आहे. दसपट किंमत लावणारा इसम गोष्टीत ठळकपणे उभा आहे. पण कसोटी त्याची नाही, नाडल्या गेलेल्याची आहे. किंमत जणू पाऊसपाण्यासारखी आकाशातून पडलेली! कॅरोल गिलिगन यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात अकरा वर्षांच्या एका मुलीची मुलाखत दिली आहे. चोरीही नको आणि बाई मरायलाही नको, हाइन्झने विक्रेत्याशी बोलून दुसरा काही मार्ग काढावा, असे ती सांगत राहिली. मुलाखतकार तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारीत राहिला. अखेर कोलबर्गच्या मोजपट्टीवर ती दुसऱ्या व तिसऱ्या पायरीच्या मध्ये अडकली. प्रश्नाची चौकट नाकारणे हे तिथे अपरिपक्वतेचे लक्षण ठरले.

गिलिगन यांनी यात स्त्रियांवरील अन्याय पाहिला. तो होताच; पण वर्गाचाही प्रश्न होता. जॉन स्नॅरी यांनी १९८५ साली २७ देशांतील ४५ अभ्यास तपासले, तेव्हा वरच्या पायऱ्या शहरी मध्यमवर्गात सापडल्या, खेडवळ समाजांत जवळजवळ नाहीतच. समूहनिष्ठेवर आधारलेली कित्येक उत्तरे तर कोणत्याच पायरीत नीट बसेनात. दोष मग कोणाचा, खेड्याचा की शिडीचा?

कोलबर्ग यांनी ज्या झां पियाजे यांचा वारसा सांगितला, त्यांनी १९३२ च्या ग्रंथात अधिक मोलाची गोष्ट नोंदवली होती. स्वित्झर्लंडमधील मुले गोट्या खेळताना ते पाहत होते. लहान मुलांना नियम वडीलधाऱ्यांकडून आलेला, म्हणून अढळ वाटे. थोडी मोठी मुले तोच नियम आपसांत ठरवून बदलीत. बरोबरीच्यांच्या सहकार्यातून न्यायबुद्धी येते, वडीलकीच्या धाकातून केवळ आज्ञापालन. कोलबर्ग यांनी पायऱ्यांची कल्पना उचलली; गोट्यांचा डाव मात्र मैदानावरच राहिला. (पुढे १९७४ मध्ये त्यांनी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे विद्यार्थी-शिक्षकांनी समान मताधिकाराने चालविलेल्या शाळेला हातभार लावला, ही गोष्ट त्यांच्या शिडीपेक्षा अधिक बोलकी आहे.)

हाइन्झचा पेच प्रत्यक्षात भारतातच उभा राहिला. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधपदार्थांवरील मक्तेदारी नाकारली होती. २००५ मध्ये जागतिक व्यापार कराराखाली ती परत आली. मात्र डाव्या पक्षांच्या दबावामुळे जुन्याच औषधाला किरकोळ बदलाच्या आधारे नवे पेटंट नाकारणारे कलम कायद्यात घातले गेले. ग्लिवेक हे रक्ताच्या कर्करोगावरील औषध तेव्हा महिन्याला लाखभर रुपयांना पडे, देशी कंपन्यांचे दहा हजारांच्या आसपास. नोव्हार्टिसच्या पेटंट अर्जाला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. तेथे हाइन्झला कोणी काहीच विचारले नाही. उत्तर द्यावे लागले ते औषधविक्रेत्याला.