एरियल बांधा, पण विजेच्या खांबाला नको

कळमनुरी तालुक्यातल्या एका वस्तीत परवा आम्ही एका आजींच्या घरी बसलो होतो. आजींना दिसत नाही. उशाशी दोन सेलांचा ट्रान्झिस्टर असतो आणि बातम्या, हवामान, भावभाव सारे त्यातूनच त्यांच्या घरात येते. पण अलीकडे शब्द कमी आणि खरखर जास्त ऐकू येई. नातवाने उपाय शोधला होता. तारेचे भेंडोळे घेऊन तो दारासमोरच्या विजेच्या खांबाकडे निघाला.

"खांब उंच हाय काका, टेशन चांगलं धरंल," तो म्हणाला.

आम्ही त्याला हाताला धरून खाली बसवले. उंची हवी हे पोराचे बरोबर होते, पण जागा जिवावर बेतणारी होती. खांबावरच्या तारेला आपली तार लागली तर तो करंट सरळ घरात उतरतो, आणि ट्रान्झिस्टर तर आजींच्या उशाशी!

बंधुभगिनींनो, खर्च करण्याआधी खरखर कुठून येते ते शोधावे. आम्ही रेडिओ सेलवर चालू ठेवला आणि घराचा मेन स्विच बंद केला. खरखर निम्म्यावर आली. स्वस्तातला एलईडी बल्ब आणि मोबाइलचा चार्जर हे दोन चोर घरातच सापडले. रेडिओ त्यांच्यापासून दूर ठेवला.

मग सेट हळूहळू फिरवला. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराईटची काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. मध्यम लहरींसाठी तीच एरियल. कांडीचे टोक केंद्राकडे झाले की आवाज पडतो, कांडी आडवी झाली की आवाज चढतो. याला पैसा लागत नाही.

एवढ्याने भागले नाही तर बाहेरची तार बांधावी. प्लॅस्टिकचे आवरण असलेली तांब्याची दहा-पंधरा मीटर तार पुरते. आम्ही ती घराच्या बांबूपासून गोठ्याच्या मेढीपर्यंत, विजेच्या तारांपासून लांब, ताणून बांधली. दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी लावली, म्हणजे तार भिंतीला किंवा लाकडाला टेकत नाही. एक टोक घरात आणून ट्रान्झिस्टरभोवती आठ-दहा वेढे दिले. वेढे आतल्या कांडीभोवती पडतील असे द्यावेत. सेट उघडायचे कारण नाही. वेढ्यांचे उरलेले टोक अर्थिंगला जोडले.

अर्थिंगसाठी न्हाणीजवळची जागा निवडली, कारण तिथली माती बारमाही ओली असते. तिथे लोखंडी सळई खोल ठोकली, भोवती कोळसा आणि मीठ घातले. अर्थिंग म्हणून विजेच्या बोर्डाला तार कधीही लावू नये.

एफएमचे गणित निराळे. नांदेड केंद्राच्या १०१.१ मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे तीन मीटर लांब. तिच्या चौथ्या हिश्श्याला, म्हणजे पाऊण मीटरला, सेटची ओढायची दांडी पुरते. तिथे लांब तारेपेक्षा उंच आणि मोकळी जागा कामी येते. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने मध्यम लहरींची अनेक जुनी प्रक्षेपण यंत्रे बंद केली आहेत. म्हणून आपले केंद्र आता कोणत्या लहरींवर लागते ते आधी पाहावे आणि मगच तार विकत घ्यावी.

आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन भुजा चार-चार किलोमीटरच्या असतील आणि त्या अंतराळातल्या गुरुत्वीय लहरी टिपतील. त्या रेडिओच्या लहरी नव्हेत. पण एवढ्या मोठ्या यंत्रालाही जमिनीचा थरथराट कमी असलेली, शांत जागाच शोधावी लागली. आजींच्या ट्रान्झिस्टरलाही तोच नियम लागू. आधी गोंगाट दूर करावा, मग कान मोठा करावा.

शेवटची गोष्ट जिवाची. मराठवाड्यात वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा फार पडतात. आभाळ भरून आले की गडगडण्याची वाट न पाहता तार सेटवरून काढून घराबाहेर टाकावी. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तारेला हातच लावू नये आणि सेटपासूनही दूर बसावे. आम्ही हे आजींच्या नातीलाही दोनदा म्हणायला लावले, कारण पावसाच्या वेळी घरात तीच असते.

३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेबांचे भाषण आकाशवाणीवरून झाले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही आपली तत्त्वे आपण बुद्धाकडून घेतली, फ्रेंच राज्यक्रांतीकडून नाही, असे त्यांनी त्यात सांगितले. त्या दिवशी आपल्या किती वस्त्यांत रेडिओ होता? ज्यांच्यासाठी शब्द होते, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरात कान नव्हता. आज कान आहे. तो नीट ठेवणे आपल्या हाती आहे.

त्या संध्याकाळी आजींनी बातम्या शेवटपर्यंत ऐकल्या. मग नातवाला हाक मारून म्हणाल्या, "आता समदं ऐकू येतंय रे. आभाळ आलं की तेवढी तार काढीत जा."