लोकांपासून लपविलेली धोक्याची सूचना

अमेरिकेच्या टेक्सस, ओक्लाहोमा व कॅन्सस ह्या संस्थानांतील सपाट प्रदेशावर ९ एप्रिल १९४७ रोजीं जो अनर्थ ओढवला, त्याचा सर्व दोष निसर्गाच्या माथीं मारणें आम्हांस मान्य नाहीं. त्या सायंकाळीं टोर्नाडो नांवाच्या प्रचंड वावटळींनीं प्रथम टेक्ससमधील ग्लेझियर व हिगिन्स हीं गांवें धुळीस मिळविलीं आणि रात्रीं पावणेनऊच्या सुमारास ओक्लाहोमांतील वुडवर्ड शहर गांठलें. तेथें शंभरावर माणसें दगावलीं. एकंदर मृतांचा आंकडा १८१ झाला. वुडवर्डच्या लोकांस आगाऊ सूचना म्हणून कांहींच मिळाली नव्हती.

ह्या मुलखांत अनेक घरांशेजारीं वादळाकरितां मुद्दाम खणलेलें तळघर असतें. म्हणजे प्राण वाचविण्याचें साधन चार पावलांवर, आणि उणीव ती केवळ वेळेवर मिळालेल्या एका शब्दाची! तो शब्द मात्र सरकारी हवामान खात्यानें १८८० नंतरच्या दशकांतच आपल्या भाकितांतून हद्दपार केला होता. ‘टोर्नाडो’ असें नुसतें ऐकूनच लोक भयभीत होतील व वादळाहून अधिक नुकसान करून घेतील, अशी अधिकाऱ्यांची समजूत. १९३८ सालीं बंदी उठली, परंतु नाखुषी उठली नाहीं.

भाकीत खोटें ठरलें तर? हा आक्षेप अगदींच पोकळ नव्हे. हें शास्त्र तेव्हां बाल्यावस्थेंत होतें. पण आमच्या व्यापारी वाचकांनीं जमाखर्च मांडून पाहावा. खोट्या सूचनेनें एक संध्याकाळ तळघरांत फुकट जाते. दाबून ठेवलेल्या सूचनेनें घरचीं माणसें जातात. (विम्याचा हप्ता भरूनही दुकानास आग लागली नाहीं म्हणून कोणी हळहळल्याचें आम्हीं ऐकिलेलें नाहीं.) शिवाय जे लोक आपलें सरकार आपण निवडतात, त्यांस धोक्याची वार्ता पचणार नाहीं हें ठरविण्याचा अधिकार खात्यास कोणीं दिला?

पुढील वर्षीं घडलें तें तर अधिकच बोलकें आहे. २० मार्च १९४८ रोजीं ओक्लाहोमांतील टिंकर येथील लष्करी विमानतळावर टोर्नाडो कोसळून लाखों डॉलरांची हानि झाली. लगेच वरिष्ठांनीं फॉबश व मिलर ह्या दोन अधिकाऱ्यांस अभ्यासास बसविलें. २५ मार्च रोजीं हवेचीं तींच लक्षणें दिसतांच त्यांनीं भाकीत केलें. विमानें आंत घेतलीं गेलीं, आणि टोर्नाडो खरोखरीच आला. ह्यांत नशिबाचा भाग मोठा होता, हें कबूल. तथापि माणसें मेल्यानें जें झालें नाहीं, तें विमानें मोडतांच पांच दिवसांत झालें! आणि तो लाभही छावणीपुरताच. सर्वसाधारण जनतेकरितां टोर्नाडोचीं भाकितें नियमानें निघूं लागण्यास १९५२ साल उजाडावें लागलें.