५० वर्षांचा पाइप?

विहिरीवरून पाइपलाइन टाकताना दुकानदार म्हणतो, "एचडीपीई आहे, ५० वर्षं बघायला नको." आकडा खोटा नाही, पण अर्धाच आहे. ५० वर्षं कुणी थांबून बघत नाही. ८० अंशांपर्यंत गरम पाण्यात, दाबाखाली पाइप हजारो तास ठेवतात, फुटायला लागलेला वेळ मोजतात आणि २० अंशांचा हिशेब मांडतात. आपल्याकडं मे महिन्यात उघड्यावरच्या काळ्या पाइपाला हात लावून बघा!

कायमच्या दाबानं प्लास्टिक हळूहळू ताणतं. खरचटलेल्या जागी, टोचणाऱ्या दगडापाशी बारीक चीर वर्षानुवर्षं वाढते. तासाभराच्या प्रेशर टेस्टमध्ये ती दिसतच नाही. म्हणून माझं मत: पाइप दगडांवरून ओढू नका, चाळलेल्या मातीवर ठेवून गाडा. आणि भंगार वितळवून केलेला स्वस्त पाइप कर्ज काढून तर अजिबात घेऊ नका.