आधी पाणी, मग दार

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही फोडले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या, हे सर्वज्ञात आहे. त्याआधीचा क्रम मात्र विसरला जातो. पाणी सोडण्याची मोरी आणि तिची दारे यांचे काम अपुरे असतानाच त्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले. राहिलेले नंतर पाहू, हा तो विचार.

संगणकप्रणालीशी तुलना जीवितहानीच्या अंगाने करणे अशोभनीय ठरेल. ती आहे फक्त ‘नंतर’ या शब्दापुरती. मुक्त युनिक्सकुळातील प्रणालींचे दस्तऐवजीकरण गेली कित्येक वर्षे याच शब्दावर टांगलेले आहे.

मूळ परंपरा अशी नव्हती. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका नोव्हेंबर १९७१मध्ये सिद्ध केली. तीत प्रत्येक आज्ञेचे स्वतंत्र टिपण होते आणि त्यात ‘बग्ज’ असा रकाना: आपल्याच कामातले दोष कर्त्यांनी आपल्याच हाताने नोंदवलेले. बखरींवर वाढलेल्या वाचकाला या प्रामाणिकपणाचे मोल वेगळे सांगायला नको.

वारसांनी काय केले? १९८३मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. पुढे ग्नूने ‘इन्फो’ ही निराळी पद्धत पुढे आणली. कित्येक आज्ञांचे मॅन पेज त्रोटक राहिले आणि तळाशी ‘संपूर्ण माहिती अन्यत्र’ अशी पाटी लागली. १९९१मध्ये लिनक्स आले, तेव्हा फाटाफूट वाढली. कर्नल एकाचे, साधने दुसऱ्याची, आणि कर्नलच्या सिस्टीम कॉलची मॅन पेजेस सांभाळणारा प्रकल्प तिसराच.

मनुष्यबळ नाही, ही सबब टिकत नाही. ओपनबीएसडीकडे लिनक्सच्या तुलनेत माणसे मूठभरच. तरीही तेथे मॅन पेज सोर्स कोडच्या शेजारीच नांदते आणि त्यातली चूक ही प्रणालीतलीच चूक मानली जाते. उणीव वेतनाची नाही, शिस्तीची आहे.

‘सोर्स कोड उघडा आहे, तो वाचा’ हे दुसरे उत्तर तर उद्धटच. पेशवे दफ्तरही उघडे आहे. मोडी न येणाऱ्याला त्यातून काय मिळते? शिवाय कोड सांगतो ते काय घडते एवढेच. काय घडावे असा हेतू होता, हे तो सांगत नाही. आणि हेतू ठाऊक नसेल तर चूक कशाला म्हणायचे, हेही ठरत नाही. पानशेतनंतर भिंत पडली हे पुण्याने डोळ्यांनी पाहिले होते. तरीही कोणी, कधी, कशाच्या आधारे काय ठरवले, याच्या शोधासाठी चौकशी आयोग नेमावा लागला. न्या. बावडेकर यांचे काम चालू असतानाच निधन झाले आणि ती चौकशी न्या. नाईक यांच्याकडे गेली.

मराठी वापरकर्त्याची गत याहून मजेशीर आहे. लिनक्सच्या पडद्यावरचे मेनू त्याला मराठीत दिसतात, कारण स्वयंसेवकांनी ते नेटाने भाषांतरित केले. काही बिघडले आणि तो मॅन पेज उघडू लागला, की समोर इंग्रजी येते, आणि बहुधा त्रोटकच.