पाणीपट्टी ठरवण्याआधी पाहणी करा

सरकारी यंत्रणांनी बाजारपाहणी करावी म्हटले की तीन आक्षेप हमखास येतात. नागरिक हा ग्राहक नव्हे, हा पहिला. पाणी कमी येते हे शेंबडे पोरही सांगेल, प्रश्नावली कशाला, हा दुसरा. सरकारी सर्वेक्षण म्हणजे गुण मिळवण्याचा देखावा, हा तिसरा. तिन्हींत तथ्य आहे, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

नागरिक ग्राहक नाही, हे मान्य. न परवडणारा ग्राहक कंपनी सोडून देते. महापालिकेला एकही घर सोडता येत नाही. म्हणूनच तिला कंपनीपेक्षा जास्त बारकाईने विचारावे लागते. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या काळात पुण्याच्या गोखले संस्थेने १९३३मध्ये पुण्याच्या फळबाजाराची आणि १९३५मध्ये मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली. संस्थेला फळेही विकायची नव्हती आणि तिकिटेही. बाजाराचा अभ्यास लोकहितासाठी करता येतो, हे तिने दाखवून दिले.

दुसरा आक्षेप छत्रपती संभाजीनगरात फार महागात पडला आहे. पैठणच्या नाथसागरातून येणारे पाणी इथे कित्येक दिवसांच्या खंडाने मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण पाणीपट्टी, टँकर, पिण्याचे जार आणि बोअरच्या मोटारीचे बिल मिळून एका घराचा पाण्यावर वर्षाला किती खर्च होतो? सातारा-देवळाईत किती, सिडकोत किती, गुंठेवारीतल्या वस्तीत किती? हे घरोघरी विचारल्याशिवाय कळणार नाही. पाणीपट्टी वर्षाला ४,०५० रुपये होती. २०२२मध्ये लोकांचा संताप उसळल्यावर ती निम्म्यावर आली. दर आधी, संताप नंतर आणि सवलत सर्वांत शेवटी, हा क्रम उलटा आहे. मोर्चातून राग कळतो, घराचा हिशेब कळत नाही. समांतर जलवाहिनीचा करार २०११मध्ये झाला, २०१४मध्ये पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे गेला आणि २०१६मध्ये महापालिकेने तो करारच रद्द केला. त्या वर्षांतला दरवाढीचा विरोध आठवला की लोकांचे म्हणणे करारापूर्वीच अजमावण्याची गरज पटते.

तिसरा आक्षेप सर्वांत रास्त आहे. स्वच्छ सर्वेक्षणात नागरिकांच्या अभिप्रायाला गुण असतात. साहजिकच ज्याची परीक्षा तोच चांगल्या उत्तरासाठी लोकांकडे जातो. शिवाय दारातून कचरा उचलला का, एवढेच विचारणाऱ्या प्रश्नावलीत कचरा जिथे टाकला जातो तिथली माणसे येतच नाहीत. फेब्रुवारी २०१८मध्ये, संभाजीनगरचा कचरा जिथे टाकला जाई त्या नारेगाव परिसरातल्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहराचा कचरा रस्त्यावर साचला. पण सदोष पाहणीवर उपाय म्हणून पाहणीच बंद करणे बरोबर नाही. ती नीट करायला हवी.

नीट म्हणजे कशी? पाहणी निर्णयाच्या आधी व्हावी. ज्यांना सेवा मिळत नाही त्यांना आधी विचारावे. शहर बसच्या प्रवाशाला आसन आवडले का हे विचारून फारसे काही हाती लागत नाही. वाळूज आणि चिकलठाणा एमआयडीसीत पाळी सुटल्यावर जे बसकडे न जाता रिक्षात बसतात, त्यांना कारण विचारावे. पाहणी महापालिकेने स्वतः करू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्राचे विभाग आहेत. हे काम त्यांना द्यावे. प्रश्न, नमुना निवडण्याची पद्धत आणि आकडे प्रसिद्ध करावेत. उत्तरांमुळे नेमके काय बदलले, हे अंदाजपत्रकात लिहावे.

तशी संधी समोर आहे. २०१९मध्ये १,६८० कोटींची म्हणून मंजूर झालेली नवी पाणीयोजना पुढे २,७४० कोटींवर गेली. तिचे पाणी घरोघरी पोहोचू लागले की नव्या दराचा प्रश्न येईलच. त्याआधी शहरभर घरगुती पाणीखर्चाची पाहणी व्हावी, तिची सुरुवात नळ नसलेल्या वस्त्यांपासून व्हावी आणि तिचे आकडे दराच्या ठरावाला जोडावेत. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याचा हिशेब आधी विचारणे हे महापालिकेचे कर्तव्य आहे, आणि तो विचारला जावा ही मागणी करणे हा नागरिकांचा हक्क आहे.