आवड नाही, की अंगण नाही?

दिल्लीतील मराठी मंडळी एकत्र जमली, की एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘आमच्या मुलांना मराठीची आवडच नाही.’ आम्हां द्वारकावासीयांत तर ती इतक्या सहजपणे केली जाते, की आवड ही जणू नाकाडोळ्यांप्रमाणे जन्मतःच मिळत असावी! हा युक्तिवाद सोयीचा आहे; खरा मात्र नाही.

मुलांपुढे आम्ही ठेवले आहे काय? नूतन मराठी विद्यालय पहाडगंजात, येथून वीसेक किलोमीटरांवर. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या विषयांच्या यादीत मराठी आहे. परंतु शिक्षकावाचून नुसत्या यादीने कोणी भाषा शिकत नाही. घरच्या कपाटात इंग्रजी गोष्टींची चळत, आणि मराठी अक्षर म्हणावे तर भिंतीवरचे कालनिर्णय तेवढे!

१९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीस बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. वंचित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ‘यांना आवड नाही’ असा शेरा मारून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. बालवाडीच त्यांनी मुलांच्या अंगणात नेली. शंखशिंपले, पाने, बिया यांचीच साधने केली. मुले रमली, ती त्यानंतर. अंगणवाडी हा शब्द आज देशभर रूढ आहे. त्यातला बोध मात्र आम्ही विसरलो.

कोणी म्हणेल, साधनांची वाण कोठे आहे? बालभारतीची पुस्तके व ‘किशोर’चे जुने अंक संगणकावर विनामूल्य मिळतात. मिळतात खरे, पण ते मुलाशेजारी बसून उघडावयाचे कोणी? कुलूपबंद ग्रंथालय आणि न उघडलेले पुस्तक यांत फरक तो काय?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला; फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८वे साहित्य संमेलन दिल्लीतच भरले. आम्हांसही आनंद झाला. परंतु त्या दर्जाने द्वारकेतील आठ वर्षांच्या मुलीच्या जिभेवर ‘ळ’ बसत नाही.

आमची मागणी मोठी नाही. चार-पाच कुटुंबांमागे पुस्तकांचे एक उघडे कपाट, रविवारचा एक तास, आणि गोष्ट रंगवून वाचणारे एक वडीलधारे माणूस. एवढे वर्षभर करूनही मुलांनी पाठ फिरविली, तर त्यांच्याविरुद्धची तक्रार आम्ही मुकाट्याने ऐकून घेऊ. तोवर ती आम्हां आईबापांच्याच नावे नोंदवावी.